वाचकांचे प्रश्न : दोन भाऊ, दोन वाटा आणि एक अद्भुत मोहीम

अद्भुत मोहिमेची कादंबरी किंवा मालिका लिहिणाऱ्या वाचकांच्या पत्रांत एकाच रचनेविषयी बरेच प्रश्न आले आहेत. दोन भाऊ एकत्र घर सोडतात, मध्येच त्यांच्या वाटा फुटतात, आणि पुढे दोन कहाण्या चालू लागतात. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : माझ्या कादंबरीत दोघा भावांचं कडाक्याचं भांडण होतं आणि ते वेगळे होतात. पण खर्डा वाचणारे म्हणतात, वेगळं होण्याचं कारण पटत नाही. भांडण आणखी मोठं करू का? (सातारा)

नका करू. भांडण कितीही मोठं केलं तरी राग हा उतरणारा असतो. जंगलात पहिली थंडीची रात्र पडली, भाताचं एकच भांडं उरलं, की सख्खे भाऊ पुन्हा एका शेकोटीशी येतात. वाचकाला हे आतून माहीत असतं, म्हणून त्याला पटत नाही. राग उतरल्यावरही ज्यावरून मागे फिरता येत नाही, असं कारण हवं.

वाल्मीकि रामायणातले वाली आणि सुग्रीव बघा. मायावी असुराचा पाठलाग करत दोघं बिळाच्या तोंडाशी येतात. वाली धाकट्याला बाहेर थांबवून आत जातो. सुग्रीव वर्षभर थांबतो. मग आतून फेसाळलेलं रक्त वाहत येतं, असुरांच्या आरोळ्या ऐकू येतात, भावाचा आवाज मात्र येत नाही. वाली मेला असं धरून तो बिळाचं तोंड शिळेनं बंद करतो, भावाला तर्पण करतो आणि परततो. मंत्री त्याला गादीवर बसवतात. वाली जिवंत परत येतो तेव्हा त्याला काय दिसतं? बाहेरून लावलेली शिळा आणि गादीवर बसलेला भाऊ. दोघांपैकी कुणीही मूर्ख नाही. आपल्याला जेवढं कळलं तेवढ्यावर दोघंही बरोबर वागले आहेत. म्हणूनच ते वैर समजूत घालून मिटत नाही.

तुमच्या प्रसंगासाठी कागदावर दोन रकाने आखा. एकात थोरल्याला त्या क्षणी काय माहीत आहे ते लिहा, दुसऱ्यात धाकट्याला काय माहीत आहे ते. मग शोधा : कोणतं एक वाक्य एकानं दुसऱ्याला सांगितलं असतं तर वाटा फुटल्या नसत्या? ते वाक्य सांगता येणारच नाही अशी अडचण कथेत उभी करा. शपथ, अंतर, तिसऱ्या कुणाची उपस्थिती, जखमेनं गेलेली शुद्ध, काहीही चालेल. 'त्याला सांगायचं राहून गेलं' एवढंच कारण असेल तर वाचक चिडतो, आणि त्याचं चिडणं रास्त आहे.

आणखी एक काम विसरू नका : सामानाची वाटणी. एकत्र असताना दोघांत एक चकमक, एक दोर, एक हंडी पुरते. वेगळं होताना कुणाकडे काय गेलं हे वाचकाला दिसू द्या, कारण पुढची अर्धी संकटं त्यातूनच निघतात. दोर एकाकडे गेला म्हणजे कडा दुसऱ्यासाठी बंद झाला.

प्रश्न : एक भाऊ घाटानं चालत जातो, दुसरा गलबतानं. दोघं एकाच दिवशी एका बंदरात पोहोचले पाहिजेत. दिवसांचा हिशेब जुळवताना सारखा घोळ होतो. (चिपळूण)

आधी वेग ठरवा, मग नकाशा काढा. बहुतेक जण उलट करतात. छान नकाशा काढतात आणि मग पात्रांना त्यावर पळवत सुटतात.

सपाटीवर पाठीवर 12-15 किलो ओझं घेऊन चालणारा माणूस रोज 20 ते 25 किलोमीटर जातो, तेही रोज नाही. सहा-सात दिवसांत एक दिवस पायांना द्यावा लागतो. चढासाठी 1892 मध्ये स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकानं एक सोपा नियम मांडला, तो आजही उपयोगी पडतो : दर 5 किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. कोकणातून देशावर येणाऱ्या घाटवाटा साधारण 600-700 मीटर चढतात. पाच किलोमीटरची अशी वाट नियमाप्रमाणे दोन तासांची होते. ओझं, ऊन आणि दम खाणं धरून तीन तास लिहा. रात्रीच्या अंधारात, पावसात किंवा लहान मूल सोबत असेल तर दुप्पट.

घोडा दिला म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. लांबच्या प्रवासात घोडा रोज 40-50 किलोमीटर जातो, त्याला रोज 30-40 लिटर पाणी लागतं आणि मधे विश्रांती लागते. रात्रंदिवस दौडणारा घोडा दुसऱ्या दिवशी बसतो. बैलगाडी ताशी तीन-चार किलोमीटरच चालते, म्हणजे गाडीनं जाणारा भाऊ पायी जाणाऱ्यापेक्षा लवकर पोहोचत नाही. गाडीचा फायदा ओझ्यापुरता.

गलबताचं गणित वाऱ्याचं आहे. चांगल्या मागच्या वाऱ्यावर ते 4-5 नॉट, म्हणजे ताशी सात ते नऊ किलोमीटर जाईल. किनाऱ्यालगत पहाटे जमिनीकडून मतलई वारे असतात आणि दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे येतात. बंदरातून निघायची वेळ पहाटेची का, हे त्यातून कळतं. वारा तोंडावर असेल तर नागमोडी जावं लागतं आणि अंतर वाढत जातं. तुमचा समुद्र कोकणासारखा असेल तर पावसाळ्यात तो बंद ठेवा. नारळी पौर्णिमेआधी शिडाचं गलबत दर्यात लोटणारा खलाशी दाखवायचा असेल तर तो जिवावर उदार का झाला हे आधी दाखवा.

आता हिशेबाची वही. तिला चार रकाने पुरतात : तिथी, थोरला कुठे, धाकटा कुठे, आणि त्या दिवशी कुणाला काय नवीन कळलं. तारखांऐवजी तिथी लिहिण्याचा मोठा फायदा म्हणजे चंद्र आपोआप जागेवर राहतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताला उगवतो. शुक्ल अष्टमीचा सूर्यास्ताच्या वेळी उंच असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. कृष्ण अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघणाऱ्या घरातल्या वाचकाला, वद्य चतुर्थीच्या संध्याकाळी सात वाजता चांदणं पडलेलं लगेच खटकतं. दोन भाऊ शेकडो कोस दूर असले तरी चंद्र एकच आहे. एकाच्या प्रकरणात अमावास्या आणि त्याच रात्री दुसऱ्याच्या प्रकरणात चांदणं, ही आलेल्या खर्ड्यांमधली सर्वांत जास्त वेळा दिसलेली चूक आहे.

शिधाही याच वहीत मोजा. चालणाऱ्या माणसाला रोज 750-800 ग्रॅम कोरडा शिधा लागतो : पीठ, चणे, गूळ. दहा दिवसांचे झाले आठ किलो. उन्हाळ्यात पाणी रोज तीन-चार लिटर. चार दिवसांचं वाळवंट ओलांडायचं तर नुसतं पाणीच 12 ते 16 किलो होतं. म्हणून वाळवंटात उंट लागतो किंवा विहिरी ठाऊक असलेला वाटाड्या लागतो, आणि हा वाटाड्या कुणाच्या वाट्याला आला हे पुन्हा कथाच ठरवते.

जखमांचंही तसंच. हाताचं हाड मोडलं तर ते सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. पंधराव्या दिवशी त्याच हातानं तलवार चालवायची असेल तर जडीबुटीची किंमत कथेत कुठेतरी मोजा. साधी तलवार किलोभराची असते. दहा किलोची तलवार हातात दिलीत तर नायक शूर न ठरता दमलेला ठरेल.

प्रश्न : एक प्रकरण थोरल्याचं, एक धाकट्याचं, असं आलटूनपालटून लिहिलं आहे. तरी वाचणारे धाकट्याची पानं उलटून पुढे जातात. (नागपूर)

धाकट्याची पानं कंटाळवाणी आहेत असं लगेच धरू नका. बहुधा त्या पानांशिवायही थोरल्याची कथा चालते आहे, आणि वाचकानं ते ओळखलं आहे. या रचनेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच : एका वाटेवर जे घडतं त्यानं दुसरी वाट बदलली पाहिजे. नाहीतर ती एका बांधणीत शिवलेली दोन पुस्तकं होतात.

उदाहरण देतो. थोरला कैदेतून सुटण्यासाठी वरच्या अंगाला एका जुन्या धरणाचं दार उघडतो आणि पळतो. त्याच्या दृष्टीनं प्रसंग संपला. लोंढा ताशी सहा-सात किलोमीटरनं धावला तर 100 किलोमीटर खाली पंधरा-सोळा तासांत पोहोचेल. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा तिथे नदी उतरायला येतो तेव्हा उतार बुडालेला असतो, नावाडी पळालेला असतो, आणि तो नाइलाजानं जंगलातल्या वाटेनं वळतो. पाणी कुणी सोडलं हे त्याला माहीत नाही. वाचकाला माहीत आहे. आता धाकट्याचं प्रकरण उलटून पुढे जाता येत नाही.

अशा गाठी साठ हजार शब्दांच्या कादंबरीत किमान तीन हव्यात, आणि त्या दोन्ही दिशांनी हव्यात. थोरल्याच्या कृतीचा फटका धाकट्याला बसतो, तसा धाकट्याच्या दयेचा फायदा थोरल्याला व्हावा, किंवा उलट. सगळ्या गाठी संकटाच्याच असतील तर तिसरीचा अंदाज वाचक आधीच बांधतो.

लांबीचं प्रमाण असं धरा. दोन हजार शब्दांची तीस प्रकरणं असतील तर वाटा पाचव्या-सहाव्या प्रकरणाच्या शेवटी फुटाव्यात. त्याआधी फोडल्या तर भावांचं एकत्र असणं वाचकानं पाहिलेलंच नसतं, मग विरह कसला? उशिरा फोडल्या तर दोन वाटांना वाढायला जागा राहत नाही. पुढची सतराएक प्रकरणं वेगळी आणि शेवटची सहा-सात पुन्हा एकत्र किंवा समोरासमोर. फुटल्यावर लगेच आलटूनपालटून सुरू करू नका. पहिली दोन प्रकरणं एकाला सलग द्या, मग दोन दुसऱ्याला, म्हणजे दोन्ही मुलूख मनात बसतात. नंतर गरजेप्रमाणे बदला, पण एखादा भाऊ सलग तीन प्रकरणांहून जास्त अदृश्य ठेवू नका. मासिकात क्रमशः छापत असाल तर नियम आणखी कडक : प्रत्येक हप्त्यात दोघंही दिसले पाहिजेत, एकाला तीनशेच शब्द मिळाले तरी चालेल. महिनाभर न भेटलेलं पात्र दोन महिन्यांनी परकं होतं.

प्रकरण बदलताना पहिल्या चार-पाच ओळींत नाव, जागा, वेळ आणि त्या भावाची त्या घडीची गरज आली पाहिजे. 'त्याची तहान अजून भागली नव्हती' एवढ्यानं मागचा धागा हातात येतो. दर वेळी कड्यावर लटकवून प्रकरण तोडण्याचा मोह आवरा. दोनदा चालतं, तिसऱ्यांदा वाचक लटकलेल्याला सोडून पानं चाळतो.

प्रश्न : दूर असलेल्या भावाला दुसऱ्यावरचं संकट कसं कळावं? स्वप्नात दिसणं फार वापरून झालं आहे. (पणजी)

लोककथांनी यावर एक उत्तम सोय शोधून ठेवली आहे : निरोप घेताना ठेवलेली खूण. ती फार जुनी आहे. इजिप्तमधली अनपू आणि बाता या दोन भावांची कथा इसवी सनापूर्वी बाराशेच्या आसपासच्या एका पपायरसावर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदावर, मिळते. तो पपायरस लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. थोरला अनपू गैरसमजानं धाकट्याला मारायला धावतो. सूर्यदेव दोघांच्या मध्ये मगरींनी भरलेलं पाणी उभं करतो, आणि धाकटा पलीकडच्या काठावरून खरं काय ते सांगतो. मग सांगतो की मी माझं काळीज एका झाडाच्या फुलावर ठेवणार आहे. तुझ्या हातातल्या प्याल्यातली बियर फसफसली की माझं काही बरंवाईट झालं असं समज, काळीज शोधायला ये, सात वर्षं लागली तरी कंटाळू नकोस, सापडलं की थंड पाण्यात ठेव. जर्मन लोककथांत दोन भाऊ फाट्यावरच्या झाडात सुरी खुपसून जातात. ज्याच्या बाजूचं पातं गंजेल तो संकटात.

अनपूची खूण इतकी चांगली का आहे ते पाहा. ती एकच गोष्ट सांगते. कुठे, कसं, कुणी केलं, काहीच सांगत नाही, त्यामुळे शोध शिल्लक राहतो. ती बघायला कुठे जावं लागत नाही, हातातच असते. आणि ती दिसल्यावर काय करायचं ते आधीच ठरलेलं आहे.

सुरीची खूण वेगळ्या कारणासाठी चांगली : ती बघायला परत फाट्यावर यावं लागतं. म्हणजे काळजी वाटली की मोहीम सोडून मागे फिरायचं का, हा पेच तयार मिळतो. पण तुमची कथा समुद्रकाठी घडत असेल तर खाऱ्या दमट हवेत लोखंड काही दिवसांतच आपोआप गंजतं. मग ती खूण खोटीच बोलेल. हा दोष न मानता वापरता येईल : गंज पाहून भाऊ धावत सुटतो, आणि दुसरा सुखरूप असतो.

खूण ठरवली की तिचे नियम एका कागदावर लिहा : कुणाला दिसते, किती वेळात बदलते, एकदा बदलली की परत पूर्ववत होते का, आणि ती कुणी तिसऱ्यानं हाताळली तर काय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर खलनायकाच्या फार कामाचं असतं. एकदा लिहिलेला नियम शेवटच्या प्रकरणात मोडू नका. निर्णायक क्षणी खुणेनं अचानक भावाचा चेहरा दाखवला आणि आवाज ऐकवला, तर आधीचा सगळा शोध व्यर्थ होता असं वाटतं.

प्रश्न : दोघं भाऊ एका प्रसंगात असले की 'तो' म्हणजे नेमका कोण, हे कळत नाही. प्रत्येक वाक्यात नाव घातलं तर वाचायला जड जातं. (इंदूर)

प्रसंग एकाच्याच नजरेतून लिहा. 'तो' हे सर्वनाम त्याच्यासाठी राखून ठेवा आणि दुसऱ्याला नावानं किंवा नात्यानं आणा : थोरला, धाकटा, दादा. धाकट्याच्या नजरेतून असेल तर थोरल्याला 'दादा' म्हटलं की निम्मी अडचण संपते. मारामारीत क्रियापदं वेगळी द्या. एक ढालीमागून सरकतो, दुसरा उडी घेतो, मग नाव न घेताही माणूस ओळखू येतो. नावं ठेवतानाच पहिलं अक्षर, अक्षरांची संख्या आणि शेवटचा स्वर वेगळे ठेवा. सूरज आणि सुजय ही जोडी वाचकाला तीनशे पानं छळेल.

प्रश्न : अडीच हजार शब्दांच्या कथेत हे सगळं मावेल का? (पुणे)

दोन्ही वाटा मावणार नाहीत. एकाच भावाबरोबर राहा आणि दुसरा फक्त खुणेतून, वाटेत भेटलेल्या माणसांच्या तोंडून किंवा त्यानं मागे सोडलेल्या वस्तूंतून दिसू द्या. विझलेली चूल, फाडून बांधलेली पट्टी, उलट दिशेला वळलेलं पाऊल. वाटा फुटण्याचा प्रसंग पहिल्या चारशे शब्दांत उरकावा.

प्रश्न : शेवटी भावांना भेटवायचं आहे. मिठी मारून संपवलं तर गोड वाटतं, लढवलं तर ओढूनताणून. काय करावं? (ठाणे)

भेट कशानं घडते यापेक्षा, भेटणारे दोघं आता वेगळे झालेत का, हे तपासा. महाभारतातला बलराम या बाबतीत फार शिकवतो. कौरव-पांडवांच्या युद्धात कुणाचीच बाजू न घेता तो सरस्वतीकाठच्या तीर्थांना निघून जातो. कृष्ण रणांगणावर राहतो. बलराम परततो तेव्हा सांगतो की मला निघून 42 दिवस झाले, पुष्य नक्षत्रावर निघालो, श्रवणावर परत आलो. मोजून पाहा : पुष्य ते पुष्य सत्तावीस, तिथून श्रवण चौदा, दोन्ही टोकं धरून बरोबर 42. प्रवासाची वही अशी ठेवलेली असावी.

तो पोहोचतो नेमका भीम आणि दुर्योधनाच्या गदायुद्धाला. दोघंही त्याचे शिष्य. भीम नियम मोडून मांडीवर घाव घालतो आणि बलराम नांगर उगारून धावतो. कृष्ण त्याला मिठीत धरून आवरतो. इथे मिठी आहे आणि संघर्षही आहे, एकाच हालचालीत. युद्धात राहिलेल्या भावानं अठरा दिवसांत जे पाहिलं, त्यामुळे त्याला तो घाव समजतो. तीर्थयात्रा करून आलेल्याला फक्त मोडलेला नियम दिसतो. कृष्णानं कारणं सांगितल्यावरही बलरामाचं समाधान होत नाही, तो रथात बसून द्वारकेला निघून जातो. वाटा पुन्हा एक होत नाहीत, तरी नातं तुटत नाही.

तुमच्या भेटीसाठी हे करा. दोघांना एकच तिसरी गोष्ट समोर ठेवा : कैदी, दार, मरणपंथाला लागलेला शत्रू. आणि तिच्याकडे दोघं आपापल्या वाटेनं शिकलेल्या नजरेनं बघू द्या. थोरला दार उघडायला निघेल, धाकटा बंद ठेवायला. कारणं प्रत्येकाच्या मागच्या प्रकरणांत पेरलेली असली पाहिजेत, संवादात नव्यानं सांगायची वेळ येऊ नये. भेटल्याबरोबर 'तू गेल्यावर काय झालं' ही हकिगत सांगायला बसवू नका, वाचकाला ती माहीत आहे. दोघांपैकी एकालाच माहीत नसलेली अशी एकच गोष्ट शिल्लक ठेवा. धरणाचं दार कुणी उघडलं होतं, ही ती गोष्ट असू शकते, आणि ती थोरल्याच्या तोंडून निघायला दोन प्रकरणं लागली तरी चालेल.

एकाला मारून शेवट गाठायचा विचार असेल तर आधी खर्ड्यात तो जिवंत ठेवून शेवटची दोन प्रकरणं लिहून बघा. जिवंत असताना त्यांना एकमेकांशी बोलायला काहीच उरत नसेल, तर दुरुस्ती शेवटाला नको, मधल्या सतरा प्रकरणांना हवी.